हातातून सुटलेल्या दगडाचा इतिहास

सरळ वर फेकलेला चेंडू आपल्या मार्गाच्या माथ्यावर क्षणमात्र थांबतो. त्या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करीत असतात? पदार्थविज्ञानाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. पुस्तकातले उत्तर एका ओळीचे आहे: हवेचा विरोध बाजूला ठेवला तर एकच बल, पृथ्वीचे, खालच्या दिशेने. चेंडू वर जात असताना तेच, माथ्यावर तेच आणि खाली येतानाही तेच. विद्यार्थी मात्र वहीत दोन बाण काढतात. एक खाली, गुरुत्वाचा. दुसरा वर, हाताने दिलेल्या जोराचा. हा जोर हळूहळू ओसरतो, माथ्यावर दोन्ही बाण सारखे होतात, मग गुरुत्वाची सरशी होते आणि चेंडू परततो, असे त्यांचे स्पष्टीकरण असते. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न विचारला, तेव्हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकीही बहुतेकांनी हा दुसरा बाण काढला. हालून आणि हेस्टेनिस यांच्या १९८५ मधील पाहणीतून हेच चित्र अधिक विस्ताराने पुढे आले.

उत्तर चुकीचे आहे, यात वाद नाही. परंतु ते अडाणी आहे काय? मायकेल मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. विद्यार्थ्यांचे हे उत्तर चौदाव्या शतकातील पॅरिसच्या विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या सिद्धांताशी विलक्षण जुळते. म्हणजे आमच्या वर्गातला 'ढ' विद्यार्थी आपल्या काळाच्या मागे असला, तरी एका थोर परंपरेत बसलेला आहे. ती परंपरा काय होती, ती का मोडली आणि ती मोडायला एवढा काळ का लागला, हे पाहिल्याशिवाय प्रक्षेप्य गतीच्या त्या तीन-चार पानांचे मोल कळणार नाही, असे आम्हांस वाटते.

सुरुवात अर्थातच ॲरिस्टॉटलपासून. त्याच्या मते गती दोन प्रकारची: नैसर्गिक आणि सक्तीची. दगड खाली पडतो ती नैसर्गिक गती. दगडाचे स्थानच खाली आहे. दगड वर किंवा आडवा जातो ती सक्तीची, आणि सक्तीच्या गतीला सतत ढकलणारा कोणीतरी लागतो. बैल थांबले की गाडी थांबते, हा रोजचा अनुभव या विचाराच्या पाठीशी आहे. मग हातातून सुटलेल्या दगडाला पुढे कोण ढकलते? हात तर मागे राहिला. ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की, हात दगडाबरोबर लगतच्या हवेलाही गती देतो, ढकलण्याचे सामर्थ्य देतो. ती हवा दगडाला पुढे नेते आणि हे सामर्थ्य पुढच्या हवेकडे सोपवत जाते. आज हे वाचून हसू येते. परंतु प्रश्न किती नेमका आहे ते पाहावे. संपर्काशिवाय ढकलणे नाही, आणि ढकलल्याशिवाय गती नाही, ही दोन विधाने मान्य केली की हवेखेरीज दुसरा उमेदवारच उरत नाही. ॲरिस्टॉटल चुकला तो तर्कात नव्हे, गृहीतकात.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने या उत्तरावर घाव घातला. हवाच ढकलत असेल तर दगडाला हाताचा स्पर्श तरी कशाला हवा? काठीच्या टोकावर दगड ठेवावा आणि मागून यंत्रांनी हवा हलवावी; दगड तसूभरही पुढे जाणार नाही. तेव्हा फेकणारा जे काही देतो ते हवेला नव्हे, खुद्द दगडाला देतो. पुढे इब्न सिनाने (९८०–१०३७) हा विचार अधिक टोकदार केला: वस्तूत शिरलेला हा कल विरोधामुळेच संपतो, एरवी तो टिकून राहील.

येथे भारतीय वाचकाला वैशेषिक दर्शनाची आठवण व्हावी. कणादाच्या सूत्रांत सुटलेल्या बाणाचा विचार आहे. बाणाची पहिली हालचाल 'नोदना'ने, म्हणजे दोरीच्या प्रत्यक्ष ढकलण्याने होते. त्या हालचालीतून बाणात 'संस्कार' उत्पन्न होतो आणि पुढची हालचाल त्या संस्कारातून होते. संस्कार संपला की 'गुरुत्वा'मुळे बाण पडतो. या संस्काराच्या एका प्रकाराचे नाव 'वेग'. मराठी पाठ्यपुस्तकांत आपण आज वापरतो ते 'वेग' आणि 'गुरुत्व' हे शब्द या घराण्यातले आहेत. यावरून दोन उतावळे निष्कर्ष निघू शकतात. पहिला, की न्यूटन आपल्याकडे आधीच होऊन गेला. दुसरा, की हे सारे निव्वळ शब्दांचे खेळ. आमच्या मते दोन्ही सारखेच आळशी आहेत. हवेचा आधार न घेता गतीचे कारण बाणातच शोधणे हे ॲरिस्टॉटलच्या पुढचे पाऊल होते, हे निःसंशय. परंतु वेग किती, कशाच्या प्रमाणात, किती काळात किती ओसरला, हे प्रश्न त्या सूत्रांत नाहीत; आणि गतीला कारण हवेच, ही मूळ धारणाही तेथे शाबूत आहे. आमच्या विद्यार्थ्याचा वरचा बाण कणादाला पटला असता, न्यूटनला नव्हे.

पॅरिसमध्ये चौदाव्या शतकात ज्याँ बुरिदाँ याने या कल्पनेला 'इम्पेटस' हे नाव देऊन तिला व्यवस्थित सिद्धांताचे रूप दिले. त्याची उदाहरणे कारागिरांच्या जगातली आहेत. धार लावायचे जड चाक हात काढल्यावरही फिरत राहते; ते जागा सोडत नाही, मग त्याला मागून ढकलणारी हवा कोठून येणार? जोरात ओढलेली होडी ओढणे थांबवल्यावरही पुढे जाते. होडीतल्या माणसाला वारा लागतो तो समोरून, पाठीमागून नव्हे. बुरिदाँच्या मते इम्पेटस हा वस्तूतील द्रव्य आणि तिची गती या दोहोंच्या प्रमाणात असतो. म्हणूनच लोखंडाचा तुकडा पिसापेक्षा दूर जातो. हवेचा विरोध आणि वस्तूचे वजन हळूहळू त्याला खाऊन टाकतात. आकाशात विरोध नाही, तेव्हा ईश्वराने आरंभी दिलेल्या एकाच धक्क्यावर ग्रहगोल फिरत राहू शकतील, असेही त्याने सुचवले. द्रव्य गुणिले गती! आजच्या 'संवेगा'च्या इतक्या जवळ येऊनही तो दाराबाहेरच राहिला, कारण त्याच्या लेखी इम्पेटस हे गतीचे कारण होते. गती चालू राहण्यासाठी कारणच लागत नाही, ही गोष्ट त्याच्या कल्पनेतही आली नाही.

सोळाव्या शतकात प्रश्न विद्यापीठातून बाहेर पडून तोफखान्यात गेला. आणि येथे या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस भेटतो: निकोलो तार्ताल्या. १५१२ मध्ये फ्रेंच सैन्याने ब्रेशा हे शहर लुटले. चर्चमध्ये आश्रयाला गेलेल्या या लहान मुलाच्या जबड्यावर एका शिपायाने तलवार चालवली. वैद्याला द्यायला पैसे नव्हते. आईने जखमा धुऊनपुसून त्याला जगवले. बोलताना तो कायमचा अडखळू लागला आणि 'तार्ताल्या', म्हणजे तोतरा, हेच त्याचे नाव झाले. युद्धाने ज्याचे तोंड फाडले, त्याच माणसाने तोफगोळ्याच्या मार्गावरचा पहिला गणिती ग्रंथ लिहिला.

'नोव्हा सिएन्तिया' हा तो ग्रंथ १५३७ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेत तो सांगतो की, १५३१ मध्ये व्हेरोनात असताना एका कसलेल्या तोफचीने त्याला विचारले, तोफ किती कोनात धरली असता गोळा सर्वांत दूर जाईल? विचारान्ती त्याने ४५ अंश हे उत्तर काढले. मग तो या विषयात गढून गेला; आणि एके दिवशी त्याच्या मनात आले की, माणसांचा नाश करणारी ही विद्या सुधारणे लाजिरवाणे आहे. त्याने आपले कागद नष्ट केले. पुढे तुर्कांच्या स्वारीचे सावट इटलीवर आले, तेव्हा हे ज्ञान झाकून ठेवणे योग्य नाही असे ठरवून त्याने ते पुन्हा लिहिले आणि छापले. कागद जाळणे आणि तेच पुन्हा लिहिणे, यांत अवघी काही वर्षे गेली. विज्ञान आणि शस्त्रे यांच्या संबंधावर विसाव्या शतकात जी चर्चा झाली तिचा सारा आराखडा या एका अर्पणपत्रिकेत सापडतो: आधी कुतूहल, मग पश्चात्ताप, मग शत्रू. आणि शत्रू नेहमीच वेळेवर येतो.

तार्ताल्याने ४५ अंश बरोबर सांगितले, पण मार्ग चुकीचा काढला. त्याच्या आकृतीत गोळा आधी सरळ रेषेत जातो, मग वर्तुळाच्या कमानीवरून वळतो आणि शेवटी सरळ खाली येतो. असे का? कारण नैसर्गिक आणि सक्तीची गती एकाच वेळी एकाच वस्तूत नांदू शकत नाहीत, हे ॲरिस्टॉटली तत्त्व तो प्रमेय म्हणून मांडतो. आधी एकीचा अंमल, मग दुसरीचा. गोळ्याच्या मार्गाचा कोणताही भाग पूर्णपणे सरळ नसतो, हे त्याने १५४६ च्या पुढच्या पुस्तकात सांगितले. डोळ्यांना दिसणारे सत्य त्याने झाकले नाही. परंतु दोन गतींचे सहजीवन त्याच्या हिशेबात बसले नाही. खरी अडचण येथेच होती. तोफा चांगल्या असत्या, मोजमाप नेमके असते, तरी तिच्यावर मात झाली नसती.

ते सहजीवन मान्य केले गॅलिलिओने. तो १५९२ पासून १६१० पर्यंत पादुआला प्राध्यापक होता. त्याचा स्नेही ग्विदोबाल्दो देल मोन्ते याच्या टिपणांत एका प्रयोगाचे वर्णन आहे: शाईने माखलेला गोळा तिरप्या पृष्ठावर आडवा फेकायचा, तो आपला मार्ग स्वतःच रेखाटत जातो. चढणीचा आणि उतरणीचा भाग एकमेकांचे प्रतिबिंब असल्यासारखे दिसतात. तार्ताल्याच्या तीन तुकड्यांच्या मार्गाला हा शाईचा ओघळच पुरेसे उत्तर होते: आधी एक आणि मग दुसरी असे नाही, दोन्ही गती आरंभापासून अखेरपर्यंत बरोबर आहेत.

परंतु ओघळ दिसणे वेगळे आणि त्याचा नियम सापडणे वेगळे. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातील गॅलिलिओच्या हस्तलिखितांत ११६ क्रमांकाचे एक पान आहे. १९७३ मध्ये स्टिलमन ड्रेक यांनी ते प्रकाशात आणेपर्यंत त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. त्यावर एक आकृती आणि काही आकडे आहेत. उतरणीवरून गोळी सोडायची, ती टेबलाच्या कडेवरून आडवी उडते, जमिनीवर कोठे पडते ते मोजायचे. मोजमापाचे एकक 'पुंतो', म्हणजे सुमारे एक मिलिमीटरहून किंचित कमी. गोळी ३०० पुंतो उंचीवरून सोडली तेव्हा ती ८०० पुंतो दूर पडली. उंची दुप्पट, ६०० केली तर अंतर किती व्हावे? गॅलिलिओच्या हिशेबाने अंतर दुप्पट न होता २ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढावे, म्हणजे ११३१. प्रत्यक्षात मिळाले ११७२. त्याने फरक मांडला आहे: ४१. उंची १००० केली तेव्हा अपेक्षा १४६०, मोजणी १५००, फरक ४०. हे फरक त्याने लपवले नाहीत आणि त्यांनी खचूनही गेला नाही. कागदावरचे ते चाळीस-एक्केचाळीस पुंतो आम्हांला त्याच्या छापील ग्रंथांतील कित्येक डौलदार पानांहून अधिक बोलके वाटतात.

या हिशेबामागची कल्पना अशी: आडवी गती आडवीच राहते, जशीच्या तशी, खालची गती वाढत जाते, जशी सोडून दिलेल्या दगडाची वाढते, आणि दोघी एकमेकींच्या कामात लुडबुड करीत नाहीत. कड्यावरून दगड सेकंदाला १० मीटर या वेगाने आडवा फेकला, तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सेकंदाअखेर तो १०, २०, ३० मीटर पुढे असतो. त्याच वेळी तो सुमारे ४.९, १९.६, ४४.१ मीटर खाली आलेला असतो. पुढचे अंतर १, २, ३ असे वाढते. खालचे १, ४, ९ असे. हे बिंदू जोडले की अन्वस्त मिळतो. या वक्राचा अभ्यास पर्गाच्या अपोलोनियसने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास शंकू कापून केला होता. सुमारे अठराशे वर्षे तो वक्र भूमितीच्या ग्रंथांत होता आणि कारंजाच्या धारेतही होता. दोन्हीकडे पाहणाऱ्या माणसांना ते एकच आहे हे उमगले नाही.

गॅलिलिओने हा शोध दीर्घकाळ अप्रकाशित ठेवला. १६३२ मध्ये त्याचा शिष्य काव्हालिएरी याने आपल्या पुस्तकात प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असतो असे लिहून टाकले, तेव्हा म्हाताऱ्याला फार लागले. आयुष्यभराच्या कष्टांचे पहिले फळ दुसऱ्याने तोडले, अशी त्याची भावना झाली. काव्हालिएरीने क्षमा मागितली. पुढच्याच वर्षी गॅलिलिओवर खटला चालला. आर्चेत्रीच्या घरात नजरकैदेत असताना त्याने आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. रोमच्या हाताबाहेर असलेल्या लायडन शहरात तो १६३८ मध्ये छापून निघाला, तोवर लेखकाची दृष्टी गेली होती. ग्रंथातील संवादाच्या चौथ्या दिवशी प्रक्षेप्याचा विचार येतो. तेथे साग्रेदो म्हणतो त्याचा आशय असा की, ४५ अंशांत गोळा सर्वांत दूर जातो हे तोफचींकडून त्याने ऐकले होतेच. परंतु तसे का होते हे कळण्याचा आनंद निव्वळ माहितीहून अनंतपटींनी मोठा आहे. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे हे स्थळ आहे.

आणि तरीही त्या आडव्या गतीला चालू कोण ठेवते, या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर न्यूटनपर्यंत थांबले. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त पहिला नियम येतो: सरळ रेषेतली एकसमान गती ही वस्तूची अवस्था आहे, स्थिर असणे ही जशी अवस्था आहे तशीच. तिला कारण लागत नाही. कारण लागते ते गती बदलायला. त्या कारणाचे नाव बल. दोन हजार वर्षे विचारलेला प्रश्न न्यूटनने सोडवला असे म्हणण्यापेक्षा त्याने तो बदलला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. 'दगडाला पुढे कोण नेतो?' याऐवजी 'दगडाला सरळ जाण्यापासून वळवतो कोण?' वळवणारी एकच, पृथ्वी. हाच विचार पुढे नेत, उंच डोंगरावरून अधिकाधिक वेगाने आडवा फेकलेला गोळा शेवटी पृथ्वीला प्रदक्षिणा घालू लागेल आणि चंद्र तेच करीत आहे, हे त्याने दाखवले.

नियमांपाठोपाठ न्यूटनने बलांच्या समांतरभुज चौकोनाचे उपप्रमेय दिले. त्यातच आजच्या सदिशांचे बीज आहे. परंतु 'सदिश' या अर्थाचा 'व्हेक्टर' हा शब्द हॅमिल्टनने १८४० च्या दशकात रूढ केला, आणि आज वर्गात शिकवतात ती सदिशांची मांडणी गिब्ज आणि हेविसाइड यांनी १८८० च्या दशकापासून घडवली. म्हणजे अकरावीचा विद्यार्थी पहिल्या महिन्यात जे बाण काढतो, ते गॅलिलिओला ठाऊक नव्हते आणि न्यूटनलाही या रूपात ठाऊक नव्हते. पाठ्यपुस्तकात आधी सदिश, मग प्रक्षेप्य गती, मग बल असा क्रम असतो. इतिहासात तो तसा नाही; तेथे सदिश सर्वांत शेवटी येतात. शिकवण्यासाठी क्रम बदलण्यात गैर काही नाही. पण तो बदलला आहे हे कोठे तरी सांगायला हवे.

राहिली ती हवा. ॲरिस्टॉटलने जिला ढकलणारी मानले, तिला गॅलिलिओने हिशेबातून वगळले. तोफेच्या गोळ्याचा वेग जवळजवळ निसर्गाबाहेरचा असल्याने तेथे आपला नियम ढळेल, हे त्याने स्वतःच नोंदवले होते. १६४७ मध्ये जिनोव्हाच्या रेनिएरीने तोरिचेल्लीला कळवले की, तोफा उडवून पाहिल्या, तुमच्या सारण्यांशी जुळत नाहीत. तोरिचेल्लीच्या उत्तराचा मथितार्थ असा की, त्याने तत्त्वचिंतकांसाठी लिहिले होते, तोफचींसाठी नव्हे. या बेफिकिरीचा हिशेब केला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने, १७४२ मध्ये. जड लंबकावर गोळी झाडून, लंबक किती झुलला त्यावरून तिचा वेग काढण्याची युक्ती त्याने योजली. सेकंदाला १७०० फूट वेगाने सुटलेली बंदुकीची गोळी निर्वात जागेत ४५ अंशांत सुमारे १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नाही. हवेचा विरोध ही किरकोळ दुरुस्ती नव्हे, ती मूळ चित्रच पालटून टाकते. १७४५ मध्ये थोर गणितज्ञ ऑयलरने रॉबिन्सच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर विस्तृत टीकेसह केले. खुद्द रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. तार्ताल्याच्या पश्चात्तापाचा मागमूस येथे उरलेला नाही. विद्या आता कंपनीच्या पगारावर होती आणि तिचे गिऱ्हाईक होतो आपण. हवेसकट समीकरणे हाताने सोडवणे इतके किचकट ठरले की, १९४६ मध्ये जाहीर झालेला एनिॲक हा अमेरिकन संगणक मुळात तोफांच्या सारण्या तयार करण्यासाठीच बांधायला घेतला गेला होता.

आता पुन्हा त्या दुसऱ्या बाणाकडे वळू. शिक्षक तो लाल शाईने खोडतो, आणि विद्यार्थी परीक्षेपुरता तो काढायचे सोडतो; मनातून मात्र तो जात नाही, हेच त्या पाहण्यांनी दाखवले. आमच्या मते त्या बाणाला काही उत्तर दिले पाहिजे. हाताने चेंडूला काहीतरी दिले आहे, ही विद्यार्थ्याची जाणीव खरी आहे. ते चेंडूबरोबर वर जाते, कमी होत जाते, हेही खरे. फक्त त्याचे नाव बल नव्हे, संवेग. माथ्यावर ते शून्य होते, गुरुत्वाला तुल्यबळ होत नाही. आणि ते गतीचे कारण नसून गतीचेच माप आहे. बुरिदाँला एवढेच सांगायचे राहिले होते. एवढे सांगितले की विद्यार्थ्याचा बाण पुसावा लागत नाही, त्याचे नाव बदलावे लागते.

ज्या चुकीतून बाहेर पडायला मानवजातीतील सर्वांत कुशाग्र माणसांना दोन हजार वर्षे लागली, ती चूक सोळा वर्षांच्या मुलाने एका तासिकेत टाकून द्यावी, अशी अपेक्षा आपल्याकडे केली जाते, आणि तो टाकू शकला नाही तर त्याला या विषयात गती नाही असे म्हटले जाते. 'गती' हा शब्दच येथे वापरला जावा, हा योगायोग आम्हांस फार बोचतो. विज्ञानाची पुस्तके उत्तरे देतात ती योग्यच असतात. परंतु ज्या प्रश्नाने ॲरिस्टॉटलला अडवले, तो प्रश्न विद्यार्थ्याला एकदाही अडवू न देता उत्तर हाती ठेवले, तर त्याच्याजवळ राहते ती तोफचीची माहिती. साग्रेदोचा आनंद त्याच्या वाट्याला येत नाही.